घड्याळाची लाइन

"आपल्याच घरात खोकूक चोरी झाली," भिकाजी खांद्यावरच्या पंच्यात तोंड खुपसून पुटपुटले. "खोकलो अमेरिकेक आयकाक गेलो तर ते काय बॉम टाकतले?"

त्यांची बायको सत्यवती नारळ खवत होती. तिने मान वर न करता डोळ्यांनीच बंद दाराकडे खूण केली, म्हणजे आत सून कामाला बसली आहे, गप्प राहा. भिकाजींनी उरलेली खोकल्याची उबळ उचलली आणि ती घेऊन मागल्या अंगणात, माडाच्या मुळाशी गेले. तिथे त्यांनी ती यथास्थित मोकळी केली. घरात परत आले तेव्हा चेहरा असा, की जणू शेजाऱ्याच्या बागेत आंबे चोरून आले आहेत.

बंद दारामागची खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. घरातली सगळ्यात जाड भिंतीची आणि सगळ्यात शांत. त्यांचा मुलगा धनेश तिथेच जन्मला होता. आता तिथे टेबल, त्यावर कंपनीने पाठवलेला संगणक, भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकणारी इंटरनेटची पेटी, आणि कानाला यंत्र लावून बसलेली भक्ती. मसुऱ्याच्या अलीकडची ही वाडी, बस दिवसातून मोजक्या वेळा येते, पण फायबरची तार मात्र माडामाडावरून उड्या मारत थेट या खोलीत शिरली होती. पहाटे भक्ती दार लावून घ्यायची आणि दुपारी जेवायच्या वेळेला उघडायची. आपली सकाळ ती तिथल्या पश्चिमेकडच्या लोकांची संध्याकाळ. दिवसभर राबून घरी आलेला अमेरिकन माणूस बूट काढतो, बिल बघतो, भडकतो आणि फोन लावतो. तो फोन भक्ती उचलायची.

काम काय, तर फोनची कंपनी सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवायचं. कंपनीचं नाव घरातही घ्यायचं नाही असा दंडक होता, त्यामुळे सत्यवती तिला नुसतं 'तुझी फोनवाली' म्हणायची.

घराने या नोकरीशी जुळवून घेतलं होतं. मासळीवाली जुलेखा पूर्वी पाणंदीच्या टोकापासून "गो, बांगडे इले" अशी हाक घालायची, ती आता मागल्या दाराशी येऊन पाटीवर बोटाने टकटक करायची आणि गावच्या बातम्या कुजबुजत सांगायची. कुजबुजल्यामुळे तिच्या साध्यासुध्या बातम्यांनाही भलतंच वजन आलं होतं. कुणाची गाय व्याली हेसुद्धा ती असं सांगायची की सत्यवतीच्या अंगावर काटा यावा.

कोंबड्याला मात्र कोण समजावणार? एकदा तो ऐन संभाषणात आरवला. पलीकडचा माणूस वाळवंटी मुलखातला, तावातावाने बोलत होता, तो थबकला. विचारलं, हा कोंबडा का? भक्तीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं, म्हणाली, होय, माझ्या सासूबाईंचा आहे, आणि त्याला कुणाचंच ऐकायची सवय नाही. तो माणूस हसला. मग त्याच्या आजोबांच्या वाडीवरच्या कोंबड्या निघाल्या, आजोबा निघाले, आणि शेवटी कंपनी सोडायची राहूनच गेली. ते संभाषण म्हणे पुढे नव्या मुलांना नमुना म्हणून ऐकवलं गेलं. सत्यवती त्यानंतर त्या कोंबड्याला दोन दाणे जास्त टाकायला लागली.

अमेरिकेतल्या फोनची रीत सत्यवतीला सुनेने जेवताना थोडीथोडी करून सांगितली होती, आणि सत्यवतीने ती आपल्या भाषेत लावून घेतली होती. आपल्याकडे रिचार्ज संपला की माणूस दुकानात जातो, आज हे कार्ड, उद्या ते, कुणाचं कुणाशी नातं नाही. तिथे तसं नाही. तिथे फोन म्हणजे सोयरीक. नवा कोरा महागडा फोन फुकट देतात, पण तो फुकट नसतोच. त्याची किंमत तीन वर्षांत महिन्यामहिन्याने माफ होत जाते, आणि मधेच सोडून गेलास तर उरलेली सगळी एकदम तुझ्या अंगावर. म्हणजे हातात फोन आणि पायात दोरी. दुसरी गंमत कुटुंबाच्या खात्याची. त्याला ते फॅमिली प्लॅन म्हणतात. एकाच्या नावावर खातं, तो कारभारी. बाकीच्यांच्या लाइनी त्याच्या पोटात. दुसरी लाइन पहिलीपेक्षा स्वस्त, चौथी तर जवळजवळ फुकट. कारभाऱ्याच्या होकाराशिवाय ना कुणी आत येऊ शकत, ना बाहेर जाऊ शकत.

"म्हणजे आपल्या एकत्र घरासारखाच की गो," सत्यवती म्हणाली होती.

"तसाच. फक्त भांडान येगळे होवचे झाले तर माका फोन करतत," भक्ती म्हणाली होती.

भक्तीचं इंग्रजी कणकवलीच्या कॉलेजातलं, त्यावर तिने स्वतःच पॉलिश चढवलेलं. पण सत्यवतीला कौतुक होतं ते इंग्रजीचं नव्हे. दाराला कान लावला तरी शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. पलीकडचा माणूस ओरडत असला की भक्तीचा आवाज खाली खाली जायचा, तापलेल्या तव्याखालचं लाकूड हळूच मागे ओढावं तसा. ती मधे बोलायची नाही. पुरतं ओरडून दमला की एकच प्रश्न विचारायची, आणि तो प्रश्न नेमका दुखऱ्या जागेवर असायचा. बिल वाढलं म्हणून कुणी जात नाही, असं ती म्हणायची. कुणीतरी आपलं ऐकलं नाही म्हणून जातात.

आणि तरीही ती सगळ्यांना थांबवायची नाही, हे सत्यवतीला फार मोठं वाटायचं. एकदा एका म्हाताऱ्या बाईने गेलेल्या नवऱ्याची लाइन बंद करायला फोन केला. समोरच्या पडद्यावर सवलतींची रांग लागली होती, अमुक द्या, तमुक द्या, बाईला सोडू नका. भक्तीने त्यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. बाईंना बोलू दिलं, लाइन बंद केली, आणि त्या आठवड्यात वरच्यांची बोलणी खाल्ली. जेवताना सासूने विचारलं, तुला कसं कळतं कुणाला थांबवायचं आणि कुणाला नाही? भक्ती म्हणाली, "जावचा ठरवलेला माणूस आणि रागान जातंय म्हणणारो माणूस, दोघांचो आवाज येगळो आसता, आये."

सत्यवतीने तेव्हा उगाचच सुनेच्या ताटात आणखी भात वाढला होता, कारण धनेशचा आवाज तिनेही ऐकला होता.

धनेश लग्नानंतर वर्षभरात बोटीवर आचारी म्हणून गेला. बोट सोडून अमेरिकेत उतरला. ह्यूस्टनला त्याचा चुलतभाऊ अजय होता, त्याच्याकडे राहिला, हॉटेलात लागला. फोनची लाइनही अजयच्याच खात्यात. येणार येणार म्हणत चतुर्थ्या गेल्या, आंगणेवाडीच्या जत्रा गेल्या. "कागद होतत," तो सांगायचा. कागद हातात येईपर्यंत देश सोडता येत नाही, सोडला तर परत जाता येत नाही. ते खरंही असेल. पण पुढे पुढे 'कागद' हा शब्द म्हणजे घराला लावलेला पडदा झाला. कुणी पाहुणा विचारायला लागला की भिकाजी पुढे होऊन म्हणायचे, कागद होतत, आणि सत्यवती चहा टाकायला उठायची. भक्तीचे डोळे मात्र पाहुण्याच्या चपलांवर असायचे.

त्यात पुण्याची गोष्ट निघाली. भक्तीच्या कंपनीचं तिथे नवं केंद्र होत होतं. सोडून जाणाऱ्याशी बोलायचं कसं हे नव्या मुलामुलींना शिकवायला त्यांना माणूस हवं होतं, आणि त्यांनी नाव काढलं ते भक्तीचं. वाडीतल्या बाळंतिणीच्या खोलीत बसून तिने हे मिळवलं होतं. सत्यवतीने जुलेखाला सांगितलं तेव्हा जुलेखा कुजबुजायचंच विसरली. "अल्ला, तुमची सून मास्तरीण होतली," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की आतून भक्तीने दोनदा टेबल वाजवलं.

पण भक्ती पुण्याला "बघूया" म्हणत राहिली. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, की नवरा येईल तेव्हा घरात बायको नको का? आणि मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता. सत्यवतीला त्या 'बघूया'ने एकीकडे आतून जळल्यासारखं व्हायचं आणि दुसरीकडे, लाज वाटावी इतकं, बरंही वाटायचं. या पोरीशिवाय, या चेडवाशिवाय, घर कसलं? दुपारी दार उघडून ती बाहेर यायची, आळस द्यायची, "आये, आज एक भेटलो" म्हणून सुरू करायची, तेव्हा कुठे या घरात दिवस उजाडायचा.

मग तो रविवार आला. धनेशचा फोन रविवारी सकाळीच असायचा. भक्तीला सुट्टी, तिने फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि तिघेही समोर बसले होते. धनेश खुशीत होता. नवा फोन घेतला म्हणाला, फिरवून फिरवून दाखवला. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या मागच्या भिंतीवरचा खिळाही दिसत होता.

"केदव्याक घेतलंस?" भिकाजींनी विचारलं.

"घेतलंय कसलो, फुकट गावलो," धनेश म्हणाला. अजयच्या खात्यातून आपण बाहेर पडलो, असं तो सांगत सुटला. नव्या फॅमिली प्लॅनमध्ये गेलो, चार लाइनी आहेत, त्यातली एक तर घड्याळाची, म्हणून बिल किती कमी येतं बघा. बोलता बोलता त्याने कपाळावरचे केस मागे सारले. दोन्ही मनगटं उघडी होती.

सत्यवतीला पहिल्यांदा तीन वर्षं ऐकू आली. फुकटचा फोन म्हणजे तीन वर्षं. त्यानंतर मनगटं दिसली. आणि मग आठवलं, की घड्याळाच्या लाइनी कुणासाठी घेतात ते भक्तीने मागे एकदा हसत हसत सांगितलं होतं. तिथली लहान मुलं शाळेत जातात, खेळायला जातात, त्यांच्या हातात फोन द्यायचा नसतो, म्हणून आईबाप मनगटाला ते बांधतात. पोर कुठे आहे ते कळतं, आणि हाक मारली की 'ओ' देतं. मोठ्यांचं घड्याळ त्यांच्या फोनच्याच नंबरावर चालतं, पोराच्या घड्याळाची लाइन मात्र वेगळी.

भक्ती कांदा सोलत होती. तिचा हात थांबला नाही. नेहमीच्याच, खाली खाली गेलेल्या आवाजात तिने विचारलं, "घड्याळाची लाइन येगळी आसा, की तुझ्याच फोनाची?"

"येगळी," धनेश सवयीने म्हणाला. मग त्याने भक्तीकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं असावं, की आपण कोणापुढे फोनच्या गोष्टी करतो आहोत. तो हॅलो, हॅलो म्हणायला लागला. आवाज येत नाही, म्हणाला, रेंज गेली. आणि पडदा काळा झाला.

"नेटवर्क गेला," भिकाजी म्हणाले.

बाळंतिणीच्या खोलीतला हिरवा दिवा दारातून दिसत होता. तो कधी नव्हे इतका शांतपणे लुकलुकत होता. त्याच्याकडे तिघांनीही पाहिलं. भक्तीने कांदा चिरला, सुंगटांचं तिखलं, म्हणजे कोळंबीचं झणझणीत कालवण केलं, आणि ते तिखलं नेहमीपेक्षा चांगलं झालं. मीठ, आंबट, सगळं जागच्या जागी. सत्यवतीला वाटलं, आज जरा बिघडलं असतं तर बरं झालं असतं. निदान रडायला निमित्त मिळालं असतं.

तो आठवडा घरात सगळे एकमेकांशी फार अदबीने वागले. भिकाजी स्वतःचं ताट स्वतः उचलायला लागले. सत्यवती धुणी वाळत घालताना धनेशसाठी सबबी शिवत राहिली. तिथली आपली पोरं मित्रामित्रांत मिळून एक खातं घेतात, हेही भक्तीनेच सांगितलं होतं. तेव्हा असेल एखादा मित्र. मित्राला बायको असेल. बायकोला मूल असेल. मुलाला घड्याळ असेल. इथपर्यंत सगळं नीट बसायचं. मग त्याचं ते सवयीने आलेलं "येगळी" आठवायचं आणि सगळी शिवण उसवायची. ती भक्तीच्या तोंडाकडे बघायची, तर भक्ती सकाळी दार लावून आत, दुपारी दार उघडून बाहेर, आणि "आये, आज एक भेटलो" तसंच चालू. एक शब्द कमी नाही.

शनिवारी जेवताना भक्ती म्हणाली, पुण्याला सोमवारी कळवायचं आहे, मी नको म्हणून सांगते.

भिकाजी भात कालवता कालवता म्हणाले, "उद्या रवळनाथाक कौल लावया. देव सांगात तसा."

कौल हा भिकाजींचा जुना मार्ग. देवाच्या मूर्तीला उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण प्रश्न मोठ्याने, स्पष्ट, सगळ्यांसमक्ष विचारावा लागतो, मनातल्या मनात चालत नाही. वर्षभरात भिकाजी किती वेळा देवळात गेले होते. विहीर खणू का, कलमं लावू का, गोठ्याचं छप्पर बदलू का. दर वेळी गुरवाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या ओठावर दुसरंच काहीतरी आहे, आणि दर वेळी ते ऐनवेळी विहिरीवर घसरायचं. त्या विहिरीबद्दल देवाने इतक्यांदा 'हो' सांगितलं होतं की देवच कंटाळला असेल.

रविवारी सकाळी तिघेही देवळात गेले. धनेशच्या फोनची वेळ टळून चालली होती, पण फोन घरीच ठेवला होता. गुरवाने आंघोळ करून ओलेत्याने पाकळ्या लावल्या आणि बाजूला उभा राहिला. भिकाजींनी हात जोडले. गाऱ्हाणं घालण्यात त्यांचा आवाज अजूनही खणखणीत होता. बा देवा रवळनाथा म्हाराजा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, अशी त्यांनी सुरुवात केली, आणि गुरव मधे मधे "व्हय म्हाराजा" म्हणत गेला. माझी सून गुणाची आहे, तिला पुण्याची मोठी नोकरी आली आहे. तर तिने जावं की न जावं, याचा कौल दे म्हाराजा.

पाकळ्या होत्या तिथेच राहिल्या.

गुरवाने थोडं थांबून त्यांना पुन्हा विचारायला सांगितलं. भिकाजींनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज थोडा फाटला. पाकळी हलली नाही. गाभाऱ्यातली समई तेवढी तडतडली.

गुरव वयाने त्यांच्या मुलासारखा. तो जरा जवळ आला आणि हलकेच म्हणाला, "काकानू, अर्धा इचारलास तर देव बोलाचो नाय. नोकरी गावली तर माणसा जातत. हिच्या जावक आड काय येता, ता देवाच्या कानार घाला."

भिकाजी खांबाकडे बघायला लागले. बाहेर वडावर एक कावळा ओरडत होता, तो थांबला आणि परत ओरडायला लागला.

सत्यवतीने सुनेकडे पाहिलं. भक्ती हात जोडून उभी होती, डोळे जमिनीच्या लाद्यांवर. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न नव्हता, राग नव्हता. ती वाट बघत होती, पण कशाची, हे सत्यवतीला आत्ता, इतक्या उशिरा कळलं. आपण समजत होतो, की पोरीला दुखू नये म्हणून आपण दोघं म्हातारी गप्प आहोत. खरं तर तीच आपल्याला जपत होती. तिने तोंड उघडलं असतं तर ते आपल्या मुलावरचं बोट झालं असतं, त्याच्या आईबापासमोर उचललेलं. म्हणून तिने कांदा सोलला, तिखलं केलं, रोज एक अमेरिकन आणून जेवणात वाढला, आणि आता पुणंही सोडायला निघाली होती. सवतीची आणि तिच्या पोराची गोष्ट पोटात घालून आयुष्यभर या घरात ती अशीच हसत राहिली असती. जगातल्या कुठल्याही माणसाला बोलतं करणाऱ्या या बाईने हे एकच वाक्य स्वतः बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते वाक्य ज्यांच्या पोटच्या पोराबद्दल होतं त्यांनीच बोलायला हवं होतं.

गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं अशी तिथली रीत. सत्यवती नवऱ्याच्या पुढे आली. तिने पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले, आणि मग ते जोडलेले हात सोडून सुनेचं मनगट धरलं. भक्तीने चमकून वर पाहिलं. "आये, नको," ती म्हणाली, फक्त ओठांनी.

गुरवाने नव्या पाकळ्या लावण्यासाठी तबक पुढे केलं. सत्यवतीने मान हलवली. इचारूचा नाय, सांगूचा आसा, असं त्याला म्हणाली, आणि देवाकडे तोंड करून, कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली,

"म्हाराजा, माझो झील परत येवचो नाय. थंय त्येची बायल आसा, पोर आसा. ह्या आमका तिघांकय म्हायत आसा, आणि तरी आमी ह्या चेडवाक त्येच्या नावान थांबवन ठेवलाव."